लाल चिंधी

क्लिफर्डने जांभळ्या ब्रोकोलीचं पाकीट उचललं, उलटसुलट केलं आणि पुन्हा टेबलावर ठेवून दिलं. डोरीनचा डोळ्यांवर विश्वास बसेना. फेब्रुवारीतल्या या बियाणं-अदलाबदलीच्या रविवारी गावच्या हॉलमध्ये जांभळीवर पहिला हात क्लिफचा, हे गावाच्या सामाईक मळ्यात तुकडा असलेल्या प्रत्येकाला पाठ होतं.

“काय रे, जांभळीला सोडचिठ्ठी?”

“जरा बदल म्हणून गं.”

“बदल? तू? अंगातला स्वेटर तरी बदल आधी!”

तो हसला, पण मान वर केली नाही. कडेचं एक पाकीट त्याने हळूच खिशात सरकवलं. तसलंच दुसरं तिथे उरलं होतं. डोरीनने ते उचलून वाचलं. मुळांच्या गाठरोगाला दाद न देणारी जात. गड्डा मोठा, चव बेताची.

असली जात कोणी हौसेने लावत नाही. ज्याच्या जमिनीत रोग शिरलाय तोच लावतो.

गेल्या जूनमध्ये क्लिफनेच तिला जांभळीची रोपं दिली होती. मुळांना त्याच्या वाफ्याची माती तशीच ठेवून, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून.

“क्लिफ, ती जूनमधली रोपं...”

“तुझी बरी आहेत ना?” त्याने घाईने विचारलं. उत्तराला न थांबता तो चहाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

हातातलं पाकीट कोटाच्या खिशात कोंबून ती तडक मळ्यावर गेली. तिच्या तुकड्यातली माती रॉनने, तिच्या नवऱ्याने, तयार केलेली होती. शेणखत आणि कुजलेला पाला घालघालून त्याने ती आयुष्यभर पोसली, आणि तो गेल्यावर डोरीनला तेवढीच काय ती सोबत उरली. तिने एक रोप उपटलं. आल्याच्या गड्ड्यासारखी सुजलेली मुळं हातात आली. हा रोग आता तिच्या हयातीत त्या मातीतून जाणार नव्हता.

मळ्याच्या समितीला कळवायचं, म्हणजे फाटकाला रोगाची खूण म्हणून लाल चिंधी. मळ्यातल्याच गॉर्डनच्या फाटकाला ती बांधली तेव्हापासून, बुटांना तिथली माती लागू नये म्हणून लोक वळसा घालून जायचे. त्याच्याकडे चहाला कोणी थांबत नसे. डोरीनही थांबली नव्हती.

“डोरीन! एवढ्या थंडीत?”

शेजारचा तुकडा नव्यानेच घेतलेली हॅना सरळ डोरीनच्या वाफ्यातून चालत येत होती. डोरीनने रोप पाठीमागे धरलं.

“हे काय, उपटलंत?”

“कबुतरांनी पार वाट लावली बघ.”

“मेली कबुतरं! यंदा मला तुमच्या इथली रोपं द्याल ना? त्या पाकिटांवरचं मला ओ की ठो कळत नाही. तुम्ही सांगाल ती जात.”

हॅनाच्या बुटांना रॉनची काळी ओली माती घट्ट चिकटली होती. डोरीनने तोंड उघडलं. इथेच बूट काढ, एवढंच म्हणायचं होतं.

“देईन की,” ती म्हणाली. “जांभळी देईन. चवीला तीच.”

हॅना खूश होऊन आपल्या वाफ्याकडे वळली. तिची पावलं ओळीने त्या वाफ्यात उमटत गेली. डोरीनने गारठलेला हात कोटाच्या खिशात घातला. हॉलमधलं ते दुसरं पाकीट तिथेच होतं.