लोकरीखाली लपलेला ब्रेक

मी एक जुना ब्रेक आहे. ट्रकमध्ये पायाखाली असतो तो. सध्या माझा मुक्काम एका मुलीच्या टेबलाखाली आहे आणि मी कशालाच थांबवत नाही, पण जन्माचं नाव थोडंच बदलतं? मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी फार भित्रा आहे. दार जोरात आपटलं तरी माझी स्प्रिंग थरथरते. तुम्ही हसाल, हसा बापडे. माझी हकीकत ऐकल्यावर हसाल असं मात्र वाटत नाही.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतो तो इशेनबेकचा बूट. सरोवराकाठच्या बालिक्ची गावचा इशेनबेक कोळशाचा ट्रक चालवायचा. करा-केचेच्या खाणीवर माल भरायचा आणि घाट उतरून सरोवराकाठी आणायचा. आवाज मोठा, पण पाय फार समजूतदार. उतारावर त्याने मला कधी एकदम दाबलं नाही. थोडं दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. शेजारी क्लच होता. आम्हा दोघांना तो "माझे घोडे" म्हणायचा. हिवाळ्यात बुटाला बर्फ लागून पाय घसरू लागला, तेव्हा त्याने कानस घेऊन माझ्या तोंडावर तीन तिरप्या रेघा पाडल्या. तिसरी वाकडी गेली. "जाऊ दे, तुला काय लग्नाला न्यायचंय!" असं म्हणून त्याने मला थोपटलं.

कधीकधी त्याची लेक चिनारा शेजारच्या सीटवर बसून रोटी खात असायची. वडिलांना ती अता म्हणते. "अता, मी दाबू ब्रेक?" असं विचारायची. "आधी पाय तर पोचू दे!" म्हणून तो हसायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग तो दिवस आला. अजूनही सांगताना माझं लोखंड गार पडतं. घाटाच्या उतारावर कुठेतरी फस्स आवाज झाला. ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबाने लागतो, आणि त्या हवेचीच नळी फुटली होती. इशेनबेकने मला दाबलं, मी थेट तळाला गेलो आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही. मागे कोळशाचा डोंगर, पुढे वळण. "धर रे! धर ना!" तो माझ्यावर ओरडत होता. मी काय धरणार? शेवटी त्याने ट्रक कडेच्या मातीच्या ढिगात घातला. ट्रक आडवा झाला. तो खिडकीतून बाहेर आला, नुसतं खरचटलं होतं. पण बर्फात बसून तो आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिला. दोष नळीचा होता, असं गॅरेजवाले नंतर सांगत होते. पण नळी त्याच्या पायाखाली नव्हती. पायाखाली मी होतो.

ट्रक भंगारात गेला. गेना नावाच्या म्हाताऱ्या रशियन वेल्डरच्या आवारात मी आणि क्लच एका ढिगात पडलो. अधूनमधून मोठी गाडी यायची, पंजाने लोखंड उचलायची आणि वितळवायला न्यायची. तो पंजा खाली यायला लागला की माझा जीव गोळा व्हायचा. "आज आपला नंबर," मी म्हणायचो. "गप रे," क्लच म्हणायचा. त्याला कशाची भीती वाटत नाही, त्याला कुणी घाटात हाक मारली नव्हती.

एके दिवशी आवारात ओळखीचा आवाज आला. चिनारा! आता मोठी झाली होती, बाजारात मोबाइल दुरुस्त करत होती.

"गेनाकाका, मला पाय हवेत."

"आहेत की तुला दोन."

"माझ्या खेळातल्या यंत्राला हो!"

मग तिने सांगितलं. संगणकावरच्या खेळात तिचं एक घराएवढं चालतं यंत्र होतं. एका हाताने त्याला पळवायचं, दुसऱ्या हाताने नेम धरायचा. मग वळवायचं कशाने? तिच्याकडे पिळून वळवायची दांडी होती, पण दांडी पिळली की मनगट हलायचं आणि नेम सुटायचा. पायांनी वळवावं म्हणून मैत्रिणीकडची प्लॅस्टिकची पेडलं आणून बघितली, तर दाबली की गालिच्यावरून घसरत कपाटाखाली जायची. आणखी एक जोडी मिळाली, तिच्या स्प्रिंगा इतक्या ताठ की पोटऱ्यांत गोळे यायचे.

"मला जड हवंय. पळून न जाणारं. सोडलं की आपोआप जागेवर येणारं, पण पायाशी भांडण न करणारं."

"पोरी, तुला पेडल हवंय की नवरा?" गेना म्हणाला.

"नवऱ्याचं नंतर बघू. आधी हे द्या."

तिने ढिगातले कितीतरी तुकडे हाताने दाबून पाहिले. कुणी अडकत होता, कुणी खुळखुळत होता. मग तिने मला दाबलं. मी नीट खाली गेलो आणि नीट वर आलो. भीतीने असेल, पण फार छान वर आलो. "हा! आणि हा शेजारचा," ती म्हणाली. तिने मला ओळखलं नव्हतं. लहानपणी तिचा पाय माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता ना.

बाप रे! म्हणजे मी इशेनबेकच्या घरी चाललो होतो.

गेनाने आम्हा दोघांना जाड पत्र्यावर असं जोडलं की एक खाली गेला की दुसरा वर यावा. चिनाराने आम्हाला संगणकाशी जोडायला तारा आणि चकत्या बसवल्या. पण एक घोटाळा झाला. गेना आयुष्यभर बूट घालून काम करणारा, त्याने आम्हाला बुटाच्या हिशोबाने बनवलं. आणि या घरात बूट उंबऱ्याबाहेर राहतात. पहिल्याच संध्याकाळी चिनारा ओरडली, "आई गं, काय टोचतंय हे!" तिने जुन्या गालिच्याचा जाड लोकरीचा तुकडा माझ्यावर शिवून टाकला. खुर्चीला चाकं होती, पेडल दाबलं की तीच मागे पळायची, म्हणून तिने ती घोड्याच्या जिनाच्या पट्ट्याने आमच्या पत्र्याला बांधली. माझ्या तीन रेघा लोकरीखाली गेल्या. माझ्या जिवात जीव आला.

इशेनबेक घरीच असायचा. अपघातानंतर त्याने एकाही गाडीच्या पेडलावर पाय ठेवला नव्हता. अंगणात घरची मोटार ताडपत्रीखाली उभी होती, आणि त्याची बायको गुलबारा धुरी देऊन टिकवलेले मासे हातगाडीवर घालून विकायला मोठ्या रस्त्यापर्यंत ढकलत नेत होती. "काय रे, गाडीला बुरखा घालून ठेवलायस, नवरी आहे का?" शेजारी टोमणा मारायचा. शाळेची बस चालवायला बोलावणं आलं, तर "पाय दुखतो" म्हणाला. पाय दुखत नव्हता, मित्रांनो. माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक?

संध्याकाळी तो चहाची वाटी घेऊन लेकीच्या मागे बसायचा. एकदा तिने विमानाचा खेळ लावला. "अता, बसा ना. हवेत ब्रेक लागत नाही, पायांनी नुसतं विमानाचं नाक वळवायचं."

"मी? पोरांच्या खेळात?"

"घाबरलात?"

त्याने वाटी खाली ठेवली आणि तो बाहेर निघून गेला. चिनाराने जीभ चावली.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना तो आला. खुर्चीत बसला. बराच वेळ पाय वरच धरून होता. मग त्याने तो माझ्यावर ठेवला. अरे, तो किती थरथरत होता! पडद्यावर विमानाचं नाक डावीउजवीकडे लटलटत होतं. मीही थरथरत होतो, मग काय विचारता!

तो रोज येऊ लागला. वर उडायचा, डोंगरांवरून फिरायचा, आवाजही पूर्वीसारखा मोठा व्हायचा. पण उतरायची वेळ आली, धावपट्टी समोरून अंगावर आली, की त्याचा पाय झटकन माझ्यावरून उचलला जायचा. विमान भरकटून शेतात घुसायचं. रोज तेच. चिनाराच्या लक्षात आलं, कारण खुर्चीचा पट्टा लांब पायांच्या मापाने सैल झालेला सापडायचा. तिने आईला सांगितलं. "गप्प बस," गुलबारा म्हणाली, "कळलंय असं दाखवू नकोस. नाहीतर तेवढंही सोडतील."

आणि इकडे लोकर झिजत चालली होती! मला रात्रंदिवस एकच घोर. उद्या ती फाटेल, त्याला रेघा लागतील आणि तो मला ओळखेल. मला वितळवतील याची भीती होतीच, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. इतक्या कष्टाने तो पाय परत आला होता. मी कोण आहे हे कळलं की तो पुन्हा कुठल्याच पेडलावर येणार नाही.

लोकर फाटली. विमान उतरत होतं, इशेनबेकचा पाय कापत होता, आणि पातळ मोज्यातून त्याच्या बोटांना पहिली रेघ लागली. मग दुसरी. मग ती वाकडी. पाय जागच्या जागी थिजला. विमान आपटलं, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो खाली वाकला, टेबलाखाली आला आणि लोकर बाजूला करून माझ्याकडे बघत राहिला.

"तू?" एवढंच म्हणाला आणि उठून गेला.

परत आला तेव्हा त्याच्या हातात कानस होती. संपलं, मी क्लचला म्हटलं.

कानस माझ्या तोंडावर टेकली. मी वाट पाहत होतो घावाची. पण ती हळूहळू चालू लागली, पहिल्या रेघेवरून. झिजलेली रेघ त्याने खोल केली. मग दुसरी. मग तिसरी, होती तशीच वाकडी. मग त्याने मला हाताने तळापर्यंत दाबलं आणि सोडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं.

"तू तर पुरता खाली गेला होतास रे," तो म्हणाला. "तुझ्या मागे हवाच नव्हती. तू तरी काय करणार? आणि मी तरी?"

मग तो नाक ओढत खुर्चीत बसला. विमान वर गेलं, वळलं, खाली आलं. धावपट्टी अंगावर आली. पाय कापत होता, पण उचलला नाही. चाकं टेकली आणि विमान वाकडंतिकडं धावत थांबलं. दारात चिनारा कधीपासून उभी होती कुणास ठाऊक.

"अता, नवी लोकर लावू?"

"नको. रेघा लागू देत."

दुसऱ्या सकाळी अंगणात ताडपत्री ओढल्याचा आवाज आला. मला इथून दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. "अहो, किती वेळ गाडीखाली झोपणार? मासे वास मारायला लागतील!" ही गुलबारा. "थांब गं, सगळ्या नळ्या बघू दे आधी." हा तो. मग गाडी सुरू झाली आणि निघून गेली. ती परत येईपर्यंत माझं काय झालं ते सांगायला नको. शेवटी फाटक वाजलं, उंबऱ्यावर बूट उतरले, आणि धुरावलेल्या माशांचा वास येणारा एक पाय माझ्यावर येऊन टेकला. अजून थोडा कापतोच.

मित्रांनो, घाटाला निघण्याआधी नळ्या तपासत जा. आणि ऐन वेळी कुणी पायाखाली खचला, तर त्याला भंगारात टाकण्याआधी एकदा खाली वाकून बघा, त्याच्या मागे हवा होती का.