एकोणीस तासांची वाट

आतुर माणसाला अंतर सांगणे सोपे असते; वेळ सांगणे हे मात्र उत्तरदायित्व असते. कमी सांगितली तर त्याच्या आशेशी प्रतारणा होते, आणि भीतीपोटी वाढवून सांगितली तर त्याचे पाऊल उंबऱ्यातच अडखळते. विमानाच्या तिकिटांच्या एका लहानशा कचेरीत बसणाऱ्या गृहस्थांनी हे दायित्व एकतीस वर्षे निष्ठेने सांभाळले. लोक त्यांना तिकीटकाका म्हणत.

त्या सकाळी साडेदहा वाजता त्यांच्यासमोर एक शिक्षिका बसली होती. सात हजार चारशे किलोमीटरवरच्या शहरात तिचे वडील अत्यवस्थ होते. डॉक्टर चोवीस तासांचीही खात्री देत नव्हते. सोबत आलेल्या दिराने सरळ जाणारे विमान फोनवर आधीच शोधून ठेवले होते.

“हे बघा, साडेनऊ तास. हेच द्या.”

“साडेनऊ तास विमानाचे,” काका म्हणाले. “पण ते सुटणार उद्या सकाळी दहाला. आत्तापासून दवाखान्याच्या दारापर्यंत मोजा, छत्तीस तास होतात. त्यापेक्षा आज दीडचं घ्या. मध्ये एकदा विमान बदलायचं, त्याला सत्तर मिनिटं मिळतात. वाट दीड हजार किलोमीटरने लांबची, पण एकोणीस तासांत ताई वडिलांच्या उशाशी असतील.”

“अहो, नुसता द्राविडी प्राणायाम! आणि बदलायला सत्तर मिनिटं? चुकलं तर वहिनी ना धड इथल्या ना धड तिथल्या. तुम्ही तरी गेलाय का कधी त्या विमानतळावर?”

“नाही. मी अजून विमानातच बसलेलो नाही.”

“झालं! पोहायला शिकवणारा काठावरच!”

काका रागावले नाहीत. त्यांनी खणातून एक जाड वही काढली. परतून भेटायला येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला समोर बसवून, कोणत्या दाराने उतरलात, रांग केवढी होती, चालावे किती लागले, असे खोदखोदून विचारत त्यांनी ती भरली होती.

“त्या विमानतळावर विमान बदललेले एक्केचाळीस जण यात आहेत. काठी टेकत गेलेल्या एका आजींना एकावन्न मिनिटं लागली, पोचल्या. तिघांचं चुकलं. दोघांचं पहिलंच विमान उशिरा आलं, आणि एक महाशय तिथल्या दुकानात अत्तर हुंगत बसले.”

शिक्षिका प्रथमच बोलली. “काका, बाबा भेटतील?”

एक गोड शब्द इथे सहज खपला असता.

“ते माझ्या वहीत नाही, ताई. तुम्ही कधी पोचाल, एवढंच मला सांगता येतं. मोठी बॅग घेऊ नका. उतरलात की डावीकडे वळा, आणि कुणाशी बोलत थांबू नका.”

तिने डोळे पुसले. “आजचंच द्या.”

दुसऱ्या दिवशी काका कचेरी उघडायला आले, तेव्हा दीर पायरीवर उभा होता.

“वहिनी आपल्या घड्याळाने पहाटे साडेपाचच्या आत पोचल्या. बाबांनी ओळखलं. ‘जेवलीस का?’ म्हणाले. मग हात धरून पडून राहिले. आठला गेले.” त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. साडेनऊ वाजत होते. “ते सरळ विमान अजून इथेच उभं असेल, काका.”

काकांनी कुलूप काढले, आत जाऊन त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली, आणि स्वतः मात्र कितीतरी वेळ उभेच राहिले.

त्या पित्याच्या हाताची ऊब लेकीच्या तळहातात दीर्घकाळ राहो; आणि ज्यांच्या शब्दावर विसंबून माणसे घराबाहेर पडतात, त्यांची वाणी अशीच सत्य राहो.