पाहणीच्या दिवशी शाखा भरली

सुमेधाबाई दमल्या होत्या, आणि ती दमणूक काही आजची नव्हती. त्यांची बँक मोठ्या बँकेत विलीन झाली, बाहेरची पाटी बदलली, आणि मॅनेजरच्या खुर्चीत बसल्या बसल्या बाईंना या वयात सगळं काम पहिल्यापासून शिकावं लागलं. तेही शिकल्या. मग वरून नवं फर्मान आलं. प्रत्येक शाखेची कार्यक्षमता पाहणार, कसोटीला उतरेल ती राहणार, नाहीतर जवळच्या शाखेत जाणार. कातळावरच्या या शाखेला जवळची कुठली, तर मिरजोळ्याची. जवळ कसली डोंबलाची, दोन गाड्या बदलाव्या लागतात.

सगळं अडलं होतं टोकनावर. दाराशी एक यंत्र आणून बसवलं होतं. गिऱ्हाइकानं टोकन घेतल्यापासून काम होईपर्यंत किती वेळ गेला, ते यंत्र परस्पर वर कळवायचं. काउंटरवर माणसं जितकी कमी तितकी शाखा चांगली. लोकांनी मोबाईलवर कामं उरकावीत आणि बँकेची पायरी चढू नये, ही म्हणे बँकेची प्रगती. आता काय बोलणार?

पण बाईंनी मनावर घेतलं. शाखा गेली तर मैनाकाकीसारख्या म्हाताऱ्यांनी पेन्शनसाठी मिरजोळं गाठायचं कसं? पावसाळाभर त्यांनी एकेकाला धरून मोबाईल शिकवला, पासबुक यंत्रात सरकवायला शिकवलं. शिकवून शिकवून घसा बसला. हळूहळू काउंटर मोकळा झाला, आणि शाखा कशीबशी काठावर आली. आता मंगळवारची पाहणी तेवढी नीट पार पडायला हवी होती.

आदल्या आठवड्यात मैनाकाकीनं विचारलं, "बाय, बँक जाणार म्हणतात ती खरी गोष्ट?"

"मंगळवारी साहेब येतायत. शाखा कशी चालते ते बघतील आणि मग ठरवतील."

बाई एवढंच बोलल्या. टोकनाचं पुराण पुन्हा उगाळायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

मंगळवारी साडेदहाला बघतात तर काय, शाखेत पाय ठेवायला जागा नाही. बायका ठेवणीतली लुगडी नेसून बाकावर, जमिनीवर, पायरीवर. पुरुष भिंतीला टेकून. ज्याच्या त्याच्या हातात टोकन. पुढे महिपत उभा, गावातल्या कुठल्याही कामाचा म्होरक्या. दोन वर्षांमागे उतारू मिळत नाहीत म्हणून संध्याकाळची गाडी बंद व्हायची होती, तेव्हा यानंच अख्खा गाव रोज गाडीत बसवून रत्नागिरीला नेऊन आणला होता. गाडी राहिली. तेव्हापासून गावाला एकच औषध ठाऊक होतं.

"मॅडम, तुमी निवांत रहा," महिपत म्हणाला. "गाडी वाचवली तशी बँक वाचवू."

बाई घाईनं पुढे झाल्या. "महिपतराव, सगळ्यांना घरी न्या. गर्दीनंच शाखा जाईल. माणसं कमी हवीत."

कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसलेल्या साहेबांकडे महिपतनं चोरून बघितलं आणि आवाज खाली आणला. "साहेबांसमोर तुमाला तसंच बोलायला लागतं. आमाला कळतंय."

आणि तो हलला नाही. कुणीच हललं नाही. कॅशियर गुरुप्रसाद एकेक टोकन पुकारत होता. एकीला खात्यात किती आहे ते विचारायचं होतं, दुसऱ्याला नुसतं 'माझं ठीक आहे ना' एवढंच. काहींना तर काहीच नको होतं, नंबर आला की हसून साहेबांना नमस्कार करायचे आणि पुन्हा टोकन घ्यायला जायचे. बाईंना संताप आला, रडूही आलं, पण ओरडायला अंगात त्राण नव्हतं. आणि आपल्यासाठी इस्त्री करून आलेल्या माणसांवर ओरडायचं तरी कसं?

पाहणीला आलेले सलिल साहेब मुलाच्या वयाचे, बोलायला गोड. दुपारी त्यांनी लॅपटॉप मिटला.

"मॅडम, वेळ फारच जातोय हो एकेकाला."

"ही माणसं शाखा राहावी म्हणून आलीत, साहेब. तसं लिहा ना कुठेतरी."

"लिहायला रकाना नाही. आकडे यंत्रातून थेट वर जातात." त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण चहा त्यांनी तसाच ठेवला.

थंडीत हुकूम आला. शाखा मिरजोळ्याला, बाई विदर्भात. निवृत्तीला थोडकी वर्षं उरलेली, आता तिकडे कुठलं घर बघायचं?

शेवटच्या दिवशी मैनाकाकी आली. पिशवीतून कुळथाची पुडी काढून टेबलावर ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसली. खालीच बघत होती.

"आमचंच चुकलं, बाय. आमी कमी पडलो."

बाईंच्या ओठांवर आलं होतं. सांगावं एकदाचं, की काकी, त्या दिवशी तुम्ही कुणी आला नसतात तर ही बँक राहिली असती. त्यांनी काकीच्या हाताकडे बघितलं. त्या दिवशीचं टोकन अजून तिच्या बटव्यात होतं, आणि ती बोटांनी ते चाचपत होती.

"नाही हो काकी," बाई म्हणाल्या, "भरपूर आला होतात."

"नाय, कमीच. गणपती करून मुंबईची पोरं परत गेली होती ना." काकीनं मान वर केली. "त्या साहेबांना शिमग्याला बोलवा परत. तवा सगळी पोरं गावात असतात. पार रस्त्यापर्यंत रांग लावू."

"बघते," सुमेधाबाई म्हणाल्या, आणि कुळथाची पुडी पर्समध्ये ठेवली.