पिवळी तार आणि गार हात

मी नसा आणि स्नायू तपासणारं एक जुनं यंत्र आहे आणि मी भयंकर रागावलेलो आहे. मित्रांनो, मी रागावलो की माझा पडदा हिरवा होतो. घाबरू नका. फक्त मधे बोलू नका.

माझा जन्म बर्फाच्या मुलुखातला. बोटीच्या पोटात बसून समुद्र ओलांडत आलो. वाटेत एका देवमाशानं बोटीला अंग घासलं, तेव्हा त्याच्या शेपटीची नस मी लाकडी खोक्यातूनच मोजली. खोटं वाटतं? वाटू द्या. तेव्हापासून या उष्ण बेटांच्या देशात, लगुना तळ्याच्या काठी, लुंबान गावाजवळच्या एका दवाखान्यात, जिन्याशेजारच्या खोलीत माझा मुक्काम आहे.

माझं काम ऐका. माणसाच्या मनगटावर विजेचा बारीकसा टिचका मारायचा आणि तो निरोप अंगठ्यापर्यंत किती वेळात पोचला ते सांगायचं. निरोप रेंगाळला, तर नस कुठेतरी दबली आहे किंवा झिजली आहे. दुसरं काम सुईचं. बारीक सुई स्नायूत टोचली की मी त्याचं बोलणं मोठ्यानं ऐकवतो. निरोगी स्नायू विसावला की गप्प पडून राहतो. आजारी स्नायू मात्र विसाव्यातही पत्र्यावर थेंब पडावेत तसा टपटपत राहतो. कोंबड्यांच्या झुंजी लावणाऱ्या एका बुवाच्या अंगठ्यात तर मला चक्क आरवणं ऐकू आलं होतं.

पहिली वर्षं मानाची गेली. अबुंदियो नावाचे म्हातारे डॉक्टर मला चालवायचे. माझ्या अंगाला एक पिवळी तार होती. तिचं टोक कातडीला चिकटवलं की हात किती ऊबदार आहे ते कळायचं. हात गार निघाला, तर डॉक्टर मला हात लावू देत नसत. गरम तांदळाची पुरचुंडी रोग्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "गार नस आळशी असते रे बाबांनो, आजारी नसते. आधी तिला जागी करू." मग माझ्याकडून जे उत्तर निघायचं, त्याला लोक देवळातल्या कौलासारखं मानायचे. लांबलांबच्या गावांहून माणसं यायची. माझ्या पाठीवरून हात फिरवून जायची.

अबुंदियो डॉक्टर थकले, घरी बसले. मग आला तंत्रज्ञ क्रिस्पुलो.

माणूस दुष्ट नाही हो. पण त्याला उकडतं! सदान्‌कदा उकडतं. त्यानं खोलीचं एसी असं सोडलं की माझी जन्मभूमी मला परत भेटली. स्वतः लोकरीची टोपी घालून बसायचा आणि येणाऱ्याला ऐटीत म्हणायचा, "बघा, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलसारखं गार आहे की नाही?" नर्सबायांच्याही ते पथ्यावर पडलं. कुणाचा वाढदिवस असला की केक माझ्या खोलीत. लेचे फ्लानची, म्हणजे पाकातल्या अंड्या-दुधाच्या पुडिंगची, थाळी थेट माझ्या डोक्यावर! पाक ओघळून माझ्या बटणांत गेला, मुंग्या आल्या. मुंग्यांच्याही नसा मोजल्या मी, करतो काय!

इथवर मी सोसलं. पण एके दिवशी एसीची झडप तुटली. वारा क्रिस्पुलोच्या टोपीवर यायला लागला, तेव्हा या पठ्ठ्यानं माझी पिवळी तार उपटली आणि तिनं ती झडप खाली बांधून टाकली. वारा थेट रोग्याच्या खाटेवर! ज्या तारेनं गारठा ओळखायचा, तिच्याच गळ्यात गारठ्याचं काम! मित्रांनो, माझ्या आत त्या दिवशी जे जळलं, त्याचा वास दोन मजले गेला.

त्यानंतर माझ्यासमोर जो येई त्याचा हात गार. मी खरं ते सांगायचो: निरोप हळू येतोय. वाचणारे वाचायचे: नसा गेल्या. जीपनी म्हणजे इकडची प्रवासी गाडी; एका जीपनीवाल्यानं तिचं चाक सोडलं. एका न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. मी ओरडायचो, पण माझं ओरडणं म्हणजे टूंऽऽ. क्रिस्पुलो आवाज बारीक करायचा.

आणि मग आलिंग पेरेग्रिना आली.

आलिंग म्हणजे इकडे वडीलधाऱ्या बाईला मानानं हाक. पेरेग्रिना म्हणजे लुंबानची भरतकामातली मोठी बाई. अननसाच्या पानांच्या धाग्याचं झिरझिरीत कापड घ्यायचं, त्यातले धागे मोजून ओढून काढायचे आणि उरलेल्या जाळीवर फुलं उठवायची, हे काम तिच्यासारखं त्या गावात कुणाला येत नाही. तिच्या उजव्या अंगठ्याला आणि दोन बोटांना मुंग्या येत होत्या, सुई निसटत होती. सोबत सून होती, एस्तेलिता.

क्रिस्पुलोनं तिचा हात धरला आणि तोंड वाकडं केलं. "हे काय चोपडलंय, आलिंग?"

"आलं घातलेलं खोबरेल. पहाटेपासून सुई चालवलीय, हात तापलेत. धुतले नाहीत."

"धुवायचे की!"

"आणि पास्मा झाला म्हणजे? तापल्या हाताला पाणी लागलं की हात थरथरतो, लुळा पडतो. तुझी आईच सांगायची ना रे? की टोपीखाली सगळं विसरलास?"

"आई हे यंत्र चालवत नव्हती. इथे विज्ञान चालतं."

खरं सांगतो, मला दोघांचाही राग आला. तेलकट हाताला माझ्या पट्ट्या चिकटत नाहीत, आणि पाण्याला घाबरून बाई तेलाचा हात घेऊन आली होती. पण क्रिस्पुलोनं काय केलं? बर्फासारख्या स्पिरिटचा बोळा घेऊन तिचे हात-पाय खसाखसा पुसले, तिला वाऱ्याखाली झोपवलं आणि शेजारच्या वॉर्डात केक कापायला निघून गेला. बाईचे दात वाजत होते. एस्तेलितानं स्वतःची ओढणी तिच्या अंगावर टाकली, पण हात उघडेच.

केक खाऊन तो आला. टिचके मारले. उजवा हात हळू. डावा हात हळू. पायही हळू. मी टूं केलं, टूंटूं केलं. त्यानं आवाज बारीक केला.

डॉक्टर विलारोसा शहरातून आठवड्याला एकदा यायच्या. हुशार बाई, पण बाहेर रांग. उभ्याउभ्या पडदा बघून म्हणाल्या, "आलिंग, हा मनगटापुरता आजार दिसत नाही. हातापायांच्या सगळ्याच नसा मंद झाल्यात. कारण शोधावं लागेल. तोवर सुई बंद. आणि खरं सांगायचं तर, पुन्हा धरता येईल असं वाटत नाही."

आलिंग पेरेग्रिना उठून बसली. रडली नाही. "सुई बंद? मग हे हात कशाला ठेवता मला? तेही काढून घ्या. त्या केकशेजारी ठेवा."

"सासूबाई, असं काय बोलता," एस्तेलिताचा आवाज चिरकला.

"मी नाही बोलले, हे मढं बोललं!" म्हातारीनं माझ्याकडे बोट दाखवलं. "खोटारडं!"

खोटारडा! मी? ज्यानं देवमाशाचीही नस अचूक मोजली, तो मी खोटारडा?

मित्रांनो, मग मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी भिंतीतली वीज प्यायला सुरुवात केली. घटाघटा. खोलीतली प्यायलो, जिन्यातली प्यायलो, तळ्यापलीकडच्या गावातली प्यायलो. मासळीबाजारातले पंखे थांबले, आईस्क्रीमवाल्याची पेटी रडली, आणि फट्! सगळीकडे वीज गेली. लोक म्हणतात, नेहमीसारखीच गेली. म्हणोत बापडे.

अहवाल छापता छापता अर्धाच राहिला. क्रिस्पुलो तो साठवायला विसरला होता. दवाखान्याचं जनरेटर धडधडलं, माझ्यात पुन्हा जीव आला. पण जनरेटर एसी ओढत नाही. वारा मेला. खोली हळूहळू भट्टी झाली. केक बसला, फ्लान फुटलं, क्रिस्पुलोनं पहिल्यांदाच टोपी काढली. एस्तेलिता खालून सालाबात, म्हणजे आल्याचा काढा, घेऊन आली. म्हातारी तो गरम पेला दोन्ही हातांत धरून बसली, घोट घेत शिव्या देत राहिली. कपाळावरून घाम, बोटं गुलाबी.

विलारोसाबाई परत आल्या. "अहवाल?"

"गेला, डॉक्टर. पुन्हा करावा लागेल."

"मग करा. माझ्यासमोर करा."

टिचका. पाय: घोड्यासारखे! डावा हात: नवरीच्या वयाचा! उजवा हात: कोपरापासून मनगटापर्यंत सुसाट, आणि मनगटाशी येऊन निरोप अडला. तिथेच. फक्त तिथेच.

डॉक्टरबाई पडद्याजवळ आल्या. मग त्यांनी म्हातारीचा हात हातात घेतला. पहिल्यांदाच. "आलिंग, मघाशी तुमचे हात असेच ऊबदार होते?"

"मघाशी? मघाशी मी बाजारातल्या बर्फावरची मासळी होते."

बाईंनी क्रिस्पुलोकडे पाहिलं. क्रिस्पुलोनं एसीकडे पाहिलं. तिथे माझी पिवळी तार लोंबत होती. बाई खुर्चीवर चढल्या, गाठ सोडवली आणि तार त्याच्या तळहातावर ठेवली. त्यांनी कान उपटले असते तरी तो इतका लाल झाला नसता.

"सुई सोडायची नाही," त्या म्हातारीला म्हणाल्या. "मनगटात नस दबलीय, एवढंच. झोपताना पट्टी बांधा. नाहीच जमलं, तर छोटंसं ऑपरेशन. आणि मघाशी बोलले, ते चुकले मी."

"देव तुमचं भलं करो," म्हातारी उठली. जाताना माझ्याकडे वळली. "बघितलंस, एस्तेलिता? मी दम दिला तेव्हा कुठे हे खरं बोललं."

हे ऐकून मी इतका हिरवा झालो की पाल घाबरून भिंतीवरून पडली. अगं बाई, मी दोन्ही वेळा खरंच बोललो होतो! पहिल्यांदा गार हाताचं खरं, दुसऱ्यांदा ऊबदार हाताचं खरं. पण ऐकतो कोण?

आता विलारोसाबाई जुन्या रोग्यांना एकेक करून परत बोलावतात. न्हावी आला, त्याच्या नसा चांगल्या निघाल्या, त्यानं आनंदानं क्रिस्पुलोची फुकट हजामत केली. जीपनीवाला आला नाही. त्यानं जीपनी विकली आणि गाव सोडलं. कुठे गेला, कुणाला ठाऊक नाही. त्याची आठवण आली की माझा राग पुन्हा पेटतो, आणि तो विझावा असं मला वाटतही नाही.

तेव्हा मित्रांनो, मोठे व्हाल, डॉक्टर व्हाल, माझ्यासारख्या एखाद्या म्हाताऱ्या यंत्रासमोर बसाल. त्याच्या डोक्यावर फ्लान ठेवू नका, त्याची तार उपटू नका. पण हे सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका: मला काही विचारण्याआधी समोरच्या माणसाचा हात आपल्या हातात घ्या. गार लागला, तर आधी तो ऊबदार करा. मग विचारा. मी खरंच सांगेन. मी कायम खरंच सांगत आलो आहे.

आणि मला खोटारडा म्हणाल, तर तुमच्याही गावातली वीज जाईल.