उजवीकडे कललेल्या नळ्या

रसायनशास्त्राच्या बाई प्रयोगशाळेच्या बंद दाराबाहेर उभ्या होत्या. दारावरचा कागद सकाळी त्यांनीच चिकटवला होता: परीक्षा चालू असताना विषयशिक्षकांना प्रवेश नाही. नियम मोडला तर त्या गटाची परीक्षा रद्द, मग दुसऱ्या शाळेत पुन्हा.

आतल्या गटात त्यांची भाची होती. घरी मावशी, शाळेत मॅडम, हे दोघींत पक्कं ठरलेलं.

गॅसची नळी गळत असल्याने प्रयोगशाळा वर्षभर बंद होती. दुरुस्ती झाली ती थेट परीक्षेच्या तोंडावर. तोवर बाईंनी सगळे प्रयोग संगणकावरच्या सिम्युलेशनवर करून घेतले. माउसने परीक्षानळी उचलायची, ज्योतीवर धरायची, रंग बदलला की लिहायचं. चुकलं तर एक बटण दाबून पहिल्यापासून. मुख्याध्यापक पाहुण्यांना हा वर्ग आवर्जून दाखवत.

"जीव टांगणीला का लावून घेताय?" क्रीडाशिक्षक जाता जाता थांबले. त्यांनी दाराच्या काचेला नाक लावलं. "वा. कवायत करून घेतलीत की काय? सगळ्यांच्या नळ्या एकाच बाजूला. माझ्या पोरांना उजवीकडे वळा म्हटलं तर निम्मी माझ्याच तोंडाकडे बघतात."

बाईंनी आत पाहिलं. क्षणभर त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी पुन्हा पाहिलं.

सिम्युलेशनमधली नळी फक्त उजवीकडे कलायची. तिथे पडद्यावर रिकामी पांढरी जागा होती. इथे उजवीकडे शेजारी उभा होता. नळीचं तोंड माणसाकडे करू नका, हे वाक्य आपण वर्षभरात कधी म्हटलं, ते बाई आठवू लागल्या. म्हटलंच नव्हतं. पडद्यावर कोणाचा चेहराच नव्हता.

बाहेरून आलेले परीक्षक टोकाच्या टेबलापाशी पाठमोरे होते. भाचीच्या उजवीकडे वर्गातला लंबू ओणवा होऊन लिहीत होता. काचेवर वाफ धरते म्हणून त्याने संरक्षक चष्मा कपाळावर सरकवला होता. भाचीच्या नळीचं तोंड त्याच्या डोळ्यापासून वीतभर. नळीतलं पाणी एकदम शांत होतं, एक बुडबुडा नाही. असं शांत राहिलेलं पाणी अचानक उसळतं, हे बाईंना माहीत होतं.

"सर, तुम्ही जा ना आत. तुम्हाला बंदी नाही."

"मी? आणि सांगू काय?"

समजावत बसायला वेळ नव्हता. बाईंनी दार ढकललं.

"नळ्या समोरच्या भिंतीकडे करा. सगळ्यांनी. आत्ता."

भाचीचा हात दचकून वळला. "मावशी, काय झालं?"

तेवढ्यात नळी उसळली. उकळता फवारा समोरच्या भिंतीवर बसला आणि वाफाळत खाली ओघळला. लंबूने मान वर केली. "कोणी उडवलं?"

परीक्षक आले. त्यांनी भिंत पाहिली. मग लंबूचा चष्मा स्वतःच्या हाताने त्याच्या नाकावर ओढला.

"मावशी का?"

"भाची आहे माझी."

"दारावरचा कागद तुम्हीच लावलात ना?"

"हो."

"गट थांबवावा लागेल मला. का आत आलात तेही लिहीन. पण थांबवावा लागेल."

बाहेर आल्यावर भाची त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, माझं सगळं बरोबर येत होतं." आणि ती जिन्याकडे निघून गेली. तिच्या मागे जायला बाईंचा पाय उचलला होता. पण पुढचा गट व्हरांड्यात खांद्याला खांदा लावून उभा होता. परीक्षकांकडून त्यांनी थोडा वेळ मागून घेतला.

"पेन काढा," त्या म्हणाल्या. "ही परीक्षानळी समजा. खाली ज्योत आहे. धरा."

सगळे हात एकदम उठले. सगळी पेनं एकदम कलली.

"हात हलवू नका," बाई म्हणाल्या. "आता उजवीकडे कोण आहे ते बघा."