बेंगो

उंबऱ्यावर "जातो" म्हणू नये, "येतो" म्हणावं, हे कोल्हापुरात शेंबडं पोरही जाणतं. पण यज्ञेश्वरमास्तर पडले संस्कृतचे. शाळेला निघताना मुद्दाम म्हणायचे, "जातो गं." आतून कालिंदी चिडायची, "अहो, येतो म्हणा." भिंतीपलीकडून बायडाबाई हसायची, "वैनी, आमचं जातंबी रोज जातंयच की. जागचं हललंय का कधी?"

बावन्न सालच्या त्या सकाळी मात्र कुणी हसलं नाही. पोटाच्या ऑपरेशनसाठी मास्तरांना मिरजेला न्यायचं होतं. टांगा दारात उभा. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून कालिंदीला निघता येईना. बायडाबाईचे गणपतराव सोबत चालले होते. कालिंदीने मास्तरांच्या हातावर दही घातलं आणि हात तसाच धरून ठेवला.

"आज तरी म्हणा."

खात्री नसलेली गोष्ट मास्तरांच्या तोंडून निघत नसे.

"ते स्पेनचे पाद्री माझ्याकडे संस्कृत शिकतात ना," ते सावकाश म्हणाले, "त्यांच्या भाषेत येणं म्हणजे बेनीर. त्याचं मूळ शोधत गेलो, तर पोचलो आपल्याच गम् धातूच्या दारात. आपलं 'गेला' तिथलंच. एका आईच्या दोन लेकी, लांब लांब दिलेल्या. एकीच्या सासरी ज्याला जाणं म्हणतात, दुसरीच्या सासरी तेच येणं."

"मला नाही कळत तुमचं. येतो म्हणा."

"बेंगो," मास्तर म्हणाले. "त्यांच्यात येतो म्हणायचं, तर असं."

टांगा वळणाआड गेला. कालिंदीने तो परका शब्द जपून ठेवला आणि दळायला बसली की ओवीत गुंफू लागली:

बेंगो बोलून गेला सखा, मिरजेच्या नाक्याला
डोळे माझे बांधले, टांग्याच्या चाकाला

आठवडा सरता सरता, दिवेलागणीला गणपतराव एकटेच परतले. पायातलं न काढता अंगणातच थांबले.

"वैनी, मास्तर गेलं." ते म्हणाले, "मोटार मागनं येतीया. त्यास्नी घिऊन."

बायडाबाई धावत आली, कालिंदीला सावरायला. पण कालिंदी आत वळली. रोज संध्याकाळी भरायची तसा तिने तांब्या भरला आणि पायरीवर आणून ठेवला.

"वैनी," बायडाबाई म्हणाली, "पाय धुवायला कोन हाय आता?"

कालिंदीने पदराने पायरी पुसली.

"येतायत ना ते," ती म्हणाली.