डाग नसलेला सदरा

“ट्रेनिंग म्हणे. महिना झाया, सदराले तेलना एक डाग नही.”

प्रमिलाबाई मोरीत कपडे घासता घासता स्वतःशीच पुटपुटत होत्या. पण नवागामच्या एवढ्याशा खोलीत कुणाला स्वतःशी बोलता येत नाही. पडद्याच्या अलीकडे भांग पाडणाऱ्या योगराजला सगळं ऐकू आलं. लूमच्या खात्यात यंत्रमागापुढे बारा तास उभं राहणाऱ्या बापाचा सदरा चार पाण्यांतही निघायचा नाही. आणि रेल्वेत ड्रायव्हर लागलेल्या मुलाचा नुसता झटकून वाळत घातला तरी चालला असता.

झालं होतं ते असं. रेल्वेच्या परीक्षेत योगराज दोनदा आपटला. मग उधन्याच्या एका नेट सेंटरात कॉम्प्युटर पुसायचं काम त्याने धरलं. गिऱ्हाईक नसलं की तो इंटरनेटवरच्या एका खेळात गाडी चालवायचा. विजेची लोकल, हुबेहूब आपल्या मेमूसारखी. फक्त स्टेशनांची नावं परदेशातली. चाळीस स्टेशनांवर गाडी वेळेत आणि फलाटाला बरोबर लावली, तेव्हा खेळाने त्याला सोनेरी काठाचं सर्टिफिकेट दिलं. वर गाडीचं चित्र, खाली त्याचं नाव. मालकाने हौसेने छापून दिलं, याने हौसेने घरी आणलं.

त्याच्या बापाला, सुकलालना, इंग्रजी येत नव्हतं, पण मुलाचं नाव ते मार्कशीटवर बघून बघून ओळखायला शिकले होते. रेल्वेच्या नोकरीचाच कागद समजून त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि उभ्या उभ्या रडले. योगराज तेव्हाच बोलता तर हसण्यावारी गेलं असतं. पण तो चपला काढेपर्यंत ते पेढे आणायला निघालेसुद्धा. पेढा तोंडात असताना माणूस काय बोलणार?

तेव्हापासून कागद फ्रेममध्ये, देवाशेजारी. रोज हळदकुंकू. आणि योगराज रोज डबा घेऊन ‘ट्रेनिंग’ला.

आज अमळनेरहून बन्सीलाल आले होते, आपल्या लेकीची, उज्ज्वलाची सुपारी फोडायला. एकदा सुपारी फुटली की लग्न ठरलं, मग मागे फिरणं नाही. आल्या आल्या त्यांनी फ्रेमपुढे हात जोडले, तेव्हा योगराजला वाटलं, आपण जमिनीत जावं. मग ते सांगू लागले, की उज्ज्वलाने आतापासूनच मेमूचं वेळापत्रक मागवून घेतलंय, कुठली गाडी यांची असेल म्हणून.

“सोमवारी आमले तुमनी गाडीमाच बसाडा, जावईबापू,” ते हसून म्हणाले.

मोरीतल्या धोपटण्याचा आवाज थांबला. पडदा सारून प्रमिलाबाई बाहेर आल्या. त्यांनी आधी मुलाच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. आणि त्या चहाला आधण ठेवायला वळल्या. योगराजने तोंड उघडलं. घशातून बाहेर पडलं ते एवढंच, की सोमवारी त्याला सुट्टी आहे.

बन्सीलालनी सुपारी पाटावर ठेवली, अडकित्ता उचलला. योगराजला खेळातली गाडी आठवली. तिथे ब्रेक कधी दाबायचा ते त्याला नेमकं कळायचं.

तेवढ्यात सुकलालनी हात पुढे केला आणि सुपारीवर पालथा ठेवला. बोटांच्या भेगांत लूमचं काळं तेल होतं. ते पाटाकडेच बघत बोलले.

“मना योगराज गाडी चालाडत नही, बन्सीलालभाऊ. कागद उना त्याना दुसरेच दिन, त्याना सोबतीसले वाटाले पेढा लिसन मी उधना टेसनवर गयथू. तठे त्याले कोणीच वळखत नही.”